धुण्याच्या हिशेबानं शिवावं

पोरी, २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, महाराष्ट्रातली मास्कची सक्ती उठली आणि लोकांनी दोन वर्षांत शिकलेलं सगळं मास्कबरोबरच माळ्यावर टाकून दिलं. मास्क टाकला तर टाकला, पण शिकलेलं टाकू नये. साथ विचारून येत नाही. मार्च २०२० मध्ये पुण्यात राज्यातले कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले आणि महिना संपायच्या आत देश बंद झाला. औषधाच्या दुकानांत मास्क मिळेनात, आणि होते ते दवाखान्यातल्या माणसांनाच पुरत नव्हते. ८ एप्रिलला मुंबई महापालिकेनं घराबाहेर मास्क सक्तीचा केला, तेव्हा घरी शिवलेला, धुता येणारा कापडी मास्कही चालेल असं सांगावंच लागलं. मग घरोघरची मशीन बाहेर निघाली. ‘उमेद’ अभियानातल्या बचत गटांच्या बायकांनी गावोगाव गठ्ठेच्या गठ्ठे मास्क शिवले.

आपण इचलकरंजीची माणसं. मागाच्या खडखडाटात वाढलो, कापड चिमटीत धरलं की त्याची जात कळते. तू आता ब्लाऊज शिवायला लागलीस, तर हेही तुझ्या कानावर घालून ठेवते. सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: मास्क शिवताना डोळ्यांपुढं बादली ठेव. रोजचा साबण, रोजचं ऊन आणि रोजची इस्त्री जे सोसणार नाही, ते मास्कला लावायचंच नाही. शिवायला तुला अर्धा तास लागेल, पण धुवायचा आहे रोज. जो धुवायला किचकट तो धुतला जात नाही, आणि न धुतलेला मास्क घालण्यापेक्षा न शिवलेला बरा.

कापडाचं काम किती

बोलताना, हसताना, खोकताना आपल्या तोंडातून थेंब उडतात. बारीक असतात, दिसत नाहीत. कापड त्यातले बरेचसे तोंडापाशीच अडवतं. म्हणजे तुझ्या मास्कचा पहिला फायदा समोरच्याला आणि त्याच्या मास्कचा तुला. दोघांनी लावला तरच हिशेब पुरा होतो.

केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानं मार्च २०२० च्या अखेरीस घरी मास्क करण्याची एक पुस्तिका काढली होती. बारीक कण अडवण्यात शंभर टक्के सुती कापडाचे दोन पदर सर्जिकल मास्कच्या साधारण ७० टक्के काम करतात, असं तिच्यात म्हटलं होतं. ५ जून २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेनं तीन पदरांचा सल्ला दिला. म्हणून दोन पदर ही कमीत कमी मर्यादा समज, आणि जमेल तिथं तीन घे. पदर वाढवायचे म्हणून पाच-सहाही करू नकोस. जाड कापडातून श्वास जात नाही, मग तो गालाच्या कडेनं वाट काढतो. कडेनं गेलेला श्वास गाळला जात नाही.

कापड निवडताना

कापड दिव्यापुढं धर. बल्बचा आकार स्पष्ट दिसला तर वीण विरळ आहे, बाजूला ठेव. उजेड नुसता पाझरत असेल तर चालेल. मग तेच कापड दुहेरी करून तोंडाला लाव आणि चार दमदार श्वास घे. छाती भरून घेता येत नसेल तर तेही बाजूला ठेव. उजेड अडायला हवा आणि श्वास चालायला हवा, या दोन्हींच्या मधलं कापड आपलं.

पॉपलीन चांगलं, केंब्रिक चांगलं. जुन्या सुती चादरी आणि उशांचे अभ्रे फार उपयोगाचे, कारण त्यांची वीण घट्ट असते आणि धुऊन धुऊन कापड मऊ झालेलं असतं. ब्लाऊजचं टू बाय टू आतल्या पदराला छान, तोंडाला बोचत नाही. मलमल एकटी उपयोगाची नाही, फार विरळ. टी-शर्टचं होजिअरी कापड ताणलं की त्याची भोकं उघडतात, म्हणून ते घेतलंस तर मास्क ताणून बसणार नाही असा बेत. जाळीचं, क्रोशाचं, लेसचं काही नको. ते दागिन्यासारखं दिसतं आणि कामही दागिन्याएवढंच करतं.

लग्नांत पैठणीचे मास्क निघाले होते, आठवतं ना? जुलै २०२० मध्ये पिंपरी-चिंचवडकडच्या एका गृहस्थांचा सोन्याचा मास्कही बातम्यांत आला होता. हौसेला मोल नसतं. पण जरतार उकळता येत नाही, रेशीम रोज साबणात घालता येत नाही. पैठणीची हौस असली तर आत साधा सुती मास्क घालावा आणि वरचा नुसता शोभेचा आहे हे ओळखून असावं.

आपल्याकडं मागावरून उतरलेलं कोरं कापड सहज मिळतं. त्याला सायझिंगची खळ असते. आधी रात्रभर पाण्यात भिजव, सकाळी साबणानं धू, वाळव, इस्त्री कर आणि मगच कात्री लाव. खळ गेली की कापड श्वासाला मोकळं होतं, आणि आटायचं ते शिवायच्या आधीच आटतं. नाहीतर पहिल्या धुण्यात मास्क नाकावरून हनुवटीवर येतो. खणाचं, बांधणीचं, गडद रंगाचं कापड असेल तर पांढऱ्या फडक्यावर ओलं घासून बघ. रंग सुटत असेल तर तोंडाशी नको.

आतला आणि बाहेरचा पदर वेगवेगळ्या रंगाचा घे. एकदा काढलेला मास्क परत लावताना आतली बाजू कुठली हा प्रश्न पडायला नको.

शिवताना

पुस्तिकेतलं माप सोपं आहे: मोठ्या माणसाला ९ इंच बाय ७ इंच कापड, मुलांना ७ बाय ५. हे सुरुवातीचं माप. चेहरा लांबट असेल, गाल भरलेले असतील तर अर्धा-पाऊण इंच इकडेतिकडे. माप टेपनं घे, आणि एक मास्क कच्च्या दोऱ्यानं घालून चेहऱ्यावर बसवून बघ. मास्क नाकाच्या हाडावर चढला पाहिजे, हनुवटीखाली वळला पाहिजे, आणि बोलताना खाली सरकता कामा नये. लावून मोठ्यानं शंभरपर्यंत आकडे म्हणून बघ. तेवढ्यात नाक उघडं पडलं तर माप चुकलं.

तीन चुण्या घाल आणि तिन्हींची तोंडं बाहेरच्या बाजूनं खाली ठेव. वर तोंड असलेल्या चुणीत धूळ बसते. चुण्या धरायला टाचण्या मधोमध टोचू नकोस. कडेला, जिथं शिवण येणारच आहे, तिथंच टोच, नाहीतर कपडे वाळत घालायचे चिमटे वापर. नव्या सुईनं शिव. बोथट सुई कापडात मोठी भोकं पाडते, आणि आपण बसलोय भोकं बुजवायला. वाटीच्या आकाराचा मास्क चेहऱ्यावर घट्ट बसतो, पण त्याला मधोमध शिवण येते. तो करायचा असेल तर आतल्या आणि बाहेरच्या पदराच्या शिवणी एकमेकींवर येणार नाहीत असं बघ.

मध्ये तिसरा पदर म्हणून पिशव्यांचं नॉन-वोव्हन कापड घालतात. चांगली गोष्ट आहे, पण ते शिवून टाकू नकोस. एका बाजूला खिसा ठेव म्हणजे धुताना ते काढता येईल. कढत इस्त्री लागली की ते वितळतं, आणि मग अख्खा मास्क वाया जातो. एअर कंडिशनरच्या फिल्टरचं किंवा काचतंतूचं काहीही आत घालू नकोस. त्याचे तंतू श्वासातून आत जातात.

झडप लावलेले मास्क बाजारात येतात. बाहेर सोडलेला श्वास झडपेतून गाळल्याशिवाय जातो. घालणाऱ्याला हवेशीर वाटतं, समोरच्याला मात्र त्याचा काही उपयोग नाही. जुलै २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्यानं राज्यांना पत्र पाठवून त्याबद्दल सावध केलं होतं. कापडी मास्कला तर झडप मुळीच नको.

नाडी आणि नाकपट्टी

लॉकडाऊनमध्ये इलॅस्टिक मिळेना, तेव्हा बायकांनी काय काय शोधून काढलं! जुन्या साडीचा सुती फॉल उसवून त्याच्या पट्ट्या केल्या. परकराची नाडी वापरली. जुन्या टी-शर्टच्या आडव्या पट्ट्या कापून ओढल्या की त्या आपोआप वळून त्यांची गोल नाडी होते, शिवायचीही गरज नाही. मला विचारशील तर इलॅस्टिक मिळत असलं तरी नाडीच बरी. इलॅस्टिक उकळलं की ढिलं पडतं, नाडी उकळून मऊ होते. शिवाय नाडी ज्याच्या-त्याच्या डोक्याप्रमाणं आवळता येते.

वरची नाडी कानाच्या वरून डोक्यामागं आणि खालची मानेवर. अंबाडा असेल तर वरची गाठ अंबाड्याच्या वर बांध, ती घसरत नाही. कानाला यंत्र लावणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना कानात अडकवायचा मास्क देऊच नकोस. काढताना यंत्र ओढलं जातं, कुठं पडलं ते त्यांना ऐकूही येत नाही. वेल-झुबे घालणाऱ्या बायकांचंही तेच, डोक्यामागं बांधायचाच बरा.

नाकावर वाकणारी पट्टी हवीच. तांब्याची पातळ तार घे आणि दोन्ही टोकं वळवून बोथट कर. ती कापडात कायमची शिवू नकोस. वरच्या काठाला एक बारीक नेफा ठेव आणि धुण्याआधी तार काढून घे. लोखंडी तार गंजते आणि डाग पडतो.

बांधणं आणि सोडणं

आधी हात साबणानं धू, मग मास्क हातात घे. वरची नाडी आधी बांधायची, खालची नंतर. सोडताना उलटं: खालची आधी, वरची शेवटी. वरची आधी सोडलीस तर मास्क गळ्यात लोंबतो आणि त्याची बाहेरची बाजू अंगाला लागते. काढताना पुढचा भाग धरायचा नाही. नाडीला धरूनच सरळ साबणाच्या पाण्यात सोडायचा, आणि पुन्हा हात धुवायचे.

मास्क गळ्यात उतरवून ठेवायचा, हनुवटीवर टेकवायचा, फोनवर बोलायला खाली ओढायचा, चहा पिताना कपाळावर चढवायचा, हे सगळं आपण बघितलंय. मास्क एकतर नाकातोंडावर असावा, नाहीतर पिशवीत. तिसरी जागा त्याला नाही. बाहेर जाताना दोन पिशव्या ने, एक धुतलेल्यांची, एक वापरलेल्यांची. दोन्ही कापडी असू देत, प्लास्टिकच्या पिशवीत ओला मास्क कुबट होतो. घामानं, वाफेनं किंवा पावसानं ओला झाला की लगेच बदल. ओल्या कापडातून श्वास घेणं जड जातं आणि आपण नकळत तो खाली ओढतो.

आणि एकाचा मास्क दुसऱ्यानं लावायचा नाही, नवरा-बायकोनंही नाही. दोऱ्यानं कोपऱ्यात प्रत्येकाची खूण घाल.

धुणं

साबणाला कमी लेखू नकोस. कोरोनाच्या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं, साबणानं ते विरघळतं आणि विषाणू निकामी होतो. नेहमीची कपड्यांची पावडर आणि गरम पाणी पुरतं. चोळताना चुण्यांच्या घडीत आणि नाडीच्या मुळाशी बोटं घाल, मळ तिथं बसतो. मग भरपूर पाण्यात खळबळ. साबण राहिला तर दिवसभर तोंडाशी त्याचा वास येतो आणि कातडीला खाज सुटते. मास्कवर सॅनिटायझर फवारायचा नाही, त्याची वाफ थेट नाकात जाते.

धुतल्यावर कडक उन्हात निदान पाच तास वाळव. ऊन नसेल तर दहा मिनिटं कुकरमध्ये पाण्यात उकळ. कुकर नसला तर पातेल्यात पंधरा मिनिटं. पुस्तिकेत हेच सांगितलं होतं आणि पाण्यात मीठ घालायलाही सुचवलं होतं. कुकरमध्ये मास्क शिजवायचा म्हटल्यावर सगळ्यांना हसू आलं, पण वाफेचा तो साधा उपाय आहे. फक्त नंतर कुकर घासून घे, आणि नाकपट्टीची तार व इलॅस्टिक आत जाऊ देऊ नकोस.

पावसाळ्यात कोकणात, गोव्यात, आपल्या पन्हाळ्याकडंही कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही. तिथं पाच तासांचं ऊन आणायचं कुठून? मास्क कोरड्या पंचात गुंडाळून पिळ, पंख्याखाली टाक आणि शेवटी दोन्ही बाजूंनी चांगली कढत इस्त्री फिरव. आतून दमट असलेला मास्क घडी घालून ठेवू नकोस, दुसऱ्या दिवशी बुरशीचे काळे ठिपके येतात. म्हणूनच माणशी निदान दोन हवेत, आणि पावसाळ्यात चार. एक तोंडावर, एक दोरीवर, बाकीचे कपाटात.

चष्मा, दाढी आणि घाम

चष्म्यावर वाफ धरते म्हणजे मास्कची वरची कड उघडी आहे. आधी नाकपट्टी नाकाच्या आकारात नीट दाब, मास्क थोडा वर चढव आणि चष्मा त्याच्यावर बसव. तरीही धुकं येत असेल तर काचा साबणाच्या पाण्यानं धुऊन तशाच वाळू दे. दाढी राखणाऱ्याला स्पष्ट सांग: दाढीवर मास्क टेकत नाही, कडेनं हवा जाते. साथीपुरती दाढी बारीक करायची की नाही ते त्यानं ठरवावं, पण मास्कला दोष देऊ नये.

उन्हाळ्यात मास्कखाली घामोळं येतं. आतला पदर मऊ सुती ठेव, पावडर-क्रीम थापू नकोस, आणि मोकळ्या जागी, आसपास कुणी नसेल तेव्हा थोडा वेळ काढून चेहरा धू.

कुणाला बांधू नये

दोन वर्षांखालच्या लेकराला मास्क कधीच नाही. त्याला गुदमरलं तर सांगता येत नाही, काढता येत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांवर सक्ती करू नये, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं ऑगस्ट २०२० मध्ये सांगितलं होतं. ज्याला स्वतःच्या हातानं मास्क काढता येत नाही, जो शुद्धीवर नाही, ज्याला श्वासाचा त्रास आहे, त्यालाही नको. झोपेत नको, धावताना नको. घरात ऐकू न येणारं कुणी असेल तर ते ओठ बघून समजून घेतं हे लक्षात ठेव. चार पावलं लांब उभी राहा, मास्क काढ, मग बोल.

कापडाला जमत नाही ते

साठीच्या पुढची माणसं, मधुमेहाची, हृदयविकाराची माणसं, यांना साथीत कापडी मास्कवर सोडू नये, त्यांना वैद्यकीय मास्क द्यावा. घरात आजारी माणूस असेल तर त्याची सेवा करणाऱ्यालाही तोच. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आतून सर्जिकल आणि वरून कापडी असे दोन मास्क लावायचा सल्ला आला, कारण वरचं कापड आतल्या मास्कच्या उघड्या कडा दाबून धरतं. नंतर ओमायक्रॉन आला तेव्हा तर नुसतं कापड कमी पडतं, एन-९५ बरा, असं डॉक्टर उघड सांगायला लागले. तेव्हा विषाणू बदलला की सल्ला बदलतो. माझं ऐकलंस तरी त्या वेळचा सल्ला आधी ऐक.

आणि शेतावर फवारणी करताना हा मास्क लावून जाऊ नकोस, कुणाला जाऊ देऊ नकोस. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कापड औषध शोषून घेतं आणि तेच नाकाशी धरून ठेवतं. त्या कामाला औषधाच्या वाफेसाठी बनवलेलाच मास्क लागतो. मळणीची धूळ, माळ्यावरची झाडलोट, चुलीची राख, एवढ्यापुरता आपला कापडी ठीक.

मोडीत काढणं

महिन्यातून एकदा मास्क पुन्हा दिव्यापुढं धर. कापड विरलं, बल्ब दिसायला लागला, शिवण उसवली, चुणी बसेनाशी झाली, की त्याचं काम संपलं. धुऊन त्याचं पुसणं कर. विकतचे वापरून फेकायचे मास्क असतील तर टाकण्याआधी त्यांचे कानातले फास कापून टाक. पाखरांचे पाय त्यात अडकतात.

माणसांशी

आमच्या लहानपणी घरात सोवळं कडक होतं. वाळत घातलेल्या सोवळ्याला कुणी हात लावायचा नाही, आणि लागलाच तर पुन्हा धुवायचं. मास्कला ती शिस्त लाव, पण त्या सोवळ्यातला माणसांचा विटाळ मात्र घेऊ नकोस. २०२० मध्ये दवाखान्यात काम करणाऱ्या नर्सना घरं रिकामी करायला सांगणारे लोक निघाले, बऱ्या होऊन आलेल्या माणसांशी बोलणं टाकणारेही निघाले. अंतर विषाणूपासून ठेवायचं असतं. दारात डबा ठेवता येतो, खिडकीतून बोलता येतं, फोनवर चौकशी करता येते.

मास्क न लावलेल्या माणसाशी बाजारात भांडू नकोस. सक्ती असेल तेव्हा दंडाची पावती फाडणं पोलिसांचं काम. तू पिशवीत एक जास्तीचा ठेव, धुतलेला, इस्त्री केलेला, कागदात गुंडाळलेला. भाजीवाल्या मावशींना, रिक्षावाल्या दादांना, म्हाताऱ्या आजोबांना तो नीट हातात दे आणि बांधायचा कसा ते दाखव. आणि देताना विचारून घे, घरी धुवायला पाणी मिळतं का. मिळत नसेल तर एकावर थांबू नकोस, आठवडाभर पुरतील एवढे दे, आणि आठवड्यानं जाऊन वापरलेले घेऊन ये. धुऊन परत द्यायचे.